राशीतला वाटा

माझं सासर दौंडचं आणि माहेर शिरूर तालुक्यातलं, न्हावऱ्याच्या पुढच्या एका वाडीवरचं. दोन्ही पुणे जिल्ह्यातच, पण मध्ये भीमा आहे. अलीकडे मी सून, पलीकडे लेक! लग्न होऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, तरी एसटी पारगावच्या पुलावर आली की मी अजून खिडकीतून एक नाणं नदीत टाकते आणि हात जोडते. शेजारी बसलेली कॉलेजची पोर मोबाइलमधून मान वर करून गालात हसते. हसू दे बापडी. पूल ओलांडला की मीही तिच्याच वयाची होते, हे तिला कुठं ठाऊक?

यंदाच्या पौषात मात्र तो पूल जवळ येऊ लागला तशी छातीत धडधडायला लागलं. वर्षभर माहेरी पाऊल टाकलं नव्हतं. भाऊबीजेला भाऊ आला नव्हता. आणि आता भावजयीचा फोन आला होता, "वन्सं, हुरड्याला या."

का आला नव्हता, ते पुढं सांगते. आधी वाट सांगते, कारण ही वाट मला फार आवडते.

दौंड म्हणजे रेल्वे. पुण्याहून सोलापूरकडं जाणाऱ्या लोहमार्गाला मनमाडचा फाटा इथंच फुटतो. १९८० साली लग्न होऊन आले तेव्हा रात्रभर इंजिनांच्या शिट्ट्यांनी डोळा लागत नसे. सासूबाई गाड्यांवर स्वयंपाकाची वेळ सांगायच्या, "अमकी गाडी गेली, आता कुकर लाव." माझ्या माहेरी घड्याळ नव्हतं. सावली उंबऱ्याला आली की भाकऱ्या थापायला घ्यायच्या, एवढंच माहीत. पण माणूस सगळ्याला रुळतो. संकष्टीला सासूबाईंबरोबर सिद्धटेकला जायची, तेव्हा शिरापूरच्या काठावरून नावेनं भीमा ओलांडावी लागे. आता पूल झाला आहे. सोय झाली हे खरंच, पण नावेत बसल्या बसल्या अनोळखी बायकांशी होणाऱ्या गप्पा गेल्या.

दौंडहून शिरूरला जाताना पाटस, वरवंड, चौफुला अशी गावं लागतात. वरवंडला आषाढात तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. त्याच्या अलीकडचा मुक्काम यवतचा, आणि तिथली पिठलं-भाकरी वारकऱ्यांत प्रसिद्ध आहे. घरोघरच्या भाकरी एकत्र गोळा होतात, आणि कोणती कुणाच्या तव्यावरची, ते कुणी विचारत नाही.

चौफुल्यावरून गाडी वळली की केडगाव. इथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तुम्ही ऐकून असाल. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली-बायका आणल्या आणि इथल्या माळरानावर त्यांचा संसार उभा केला. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांनी चालवलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेलं बायबल इथल्याच बायकांनी छापलं. १९२२ साली रमाबाई इथंच गेल्या. लहानपणी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आजी एवढंच म्हणायची, "त्या बाईनं दुष्काळात पोरी जगवल्या." आजीच्या लेखी याहून मोठं पुण्य नव्हतं. धर्म कोणता, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही.

भीमा ओलांडली की शिरूर तालुका. शिरूरला आमच्याकडची जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. "घोडनदीला बाजाराला चाललोय," असं. गाव आणि नदी यांचं नाव एकच! महाशिवरात्रीला तिथं रामलिंगाची यात्रा भरते, आणि रांजणगावचा महागणपती तर अष्टविनायकांतलाच. पण आमचे रोजचे देव लहान होते. बांधावर लिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा आणि विहिरीच्या थारोळ्याशी सात आसरा. त्यांना ना कळस, ना पुजारी. आजी आंघोळ करून कोरड्यास-भाकरी घेऊन मळ्यात यायची, त्यातला चतकोर म्हसोबापुढं ठेवायची आणि मग आम्हाला वाढायची.

आमचा भाग पर्जन्यछायेतला. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस आमच्यापर्यंत येईस्तोवर थकून जायचा. मृगावर बाजरी, मटकी, हुलगा. परतीचा पाऊस नीट पडला की शाळू. भाद्रपदातला बैलपोळा झाला की शाळूच्या पेरणीची लगबग सुरू व्हायची. थंडीत शाळू निसवला की आम्हा पोरींना माळ्यावर गोफण घेऊन चढवायचे, पाखरं राखायला. हाताला पीळ बसायचा, पण ऊन अंगावर घेत हाऽऽ हाऽऽ ओरडायला मोठी मजा वाटे. एक कोपरा मात्र आजी राखू द्यायची नाही. "तेवढा त्यांचा," म्हणायची. मी विचारलं, "पाखरांना कसं कळणार, कोणता कोपरा त्यांचा?" तर म्हणाली, "त्यांना नाय कळंना. आपल्याला कळतंय न्हवं?"

मग काढणी. शाळू मुळासकट उपटायचा. हाताची सालं निघायची. बायका भल्या पहाटे, दहिवर असेतोवर जायच्या, म्हणजे ताटं जरा मऊ असतात. कणसं खुडून खळ्यावर. शेणानं सारवलेलं खळं, मधोमध तिवडा आणि त्याभोवती फिरणारी बैलांची पात. वारा सुटला की आण्णा वावडीवर उभं राहून उफणायचे. भुसा उडून जायचा आणि खाली मोत्यांसारखी रास पडायची. राशीपाशी चपला घालून जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. नारळ फोडून पूजा झाली की वाटे निघायचे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार... सगळ्यांचं बलुतं. मग देवाचा वाटा, दारी येणाऱ्या वासुदेवाचा वाटा, बियाण्याचा वाटा. उरेल ते घरात.

मला ते सगळं फार मोठ्या मनाचं वाटायचं. आता वाटतं, सूप घेऊन खळ्याच्या कडेला उभं राहणाऱ्यांना काय वाटत असेल, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. एवढ्या वाटेकऱ्यांत लेकीचं नाव कुठंच नव्हतं! तिला चोळी-बांगडी, दिवाळीला लुगडं, आणि जाताना ओटीत पसाभर धान्य.

१९७२ साली मी अकरा वर्षांची होते. आदल्या वर्षीच पाऊस ओढ देऊन गेला होता, त्या वर्षी तर खळं सारवलंच नाही. विहिरीचा तळ दिसला. बैल विकले. आण्णा आणि आई दोघंही दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला जायचे. आईच्या हातावर फडकी गुंडाळलेली असायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, घशाखाली उतरत नसे. (त्या दुष्काळी कामांतूनच पुढं राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या माझ्या आईला मात्र आपण काही इतिहास घडवतोय, याची कल्पना नव्हती.)

अशा दिवसांतही आजी चतकोर म्हसोबापुढं ठेवायचीच. मला राग यायचा. पोटात कावळे ओरडत असताना दगडाला भाकरी? एके दिवशी दुपारी मी गुपचूप बांधावर गेले आणि देवापुढचा तो तुकडा उचलून खाल्ला. मुंग्या झटकल्या आणि खाल्ला. मागं वळते तर आजी उभी!

मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. देवाचं खाल्लं, आता अंगावर काय उठेल कुणास ठाऊक, म्हणून मी रडायलाच लागले. आजीनं पदरानं माझं तोंड पुसलं. म्हणाली, "रडती कशाला? म्हसोबा काय दातानं खातुया व्हय? ज्याला भूक, त्यानं उचलावं, म्हणून तर ठिवायचं." मग थोडं थांबून म्हणाली, "पर उद्या तुझ्या भाकरीतला तुकडा तू ठिवायचा."

दुसऱ्या दिवशी मी ठेवला. बायांनो, खोटं सांगत नाही, तो तुकडा ठेवताना हात अक्षरशः मागं येत होता. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर तुकडा नव्हता. कुणी नेला, कुत्र्यानं, कावळ्यानं की आणखी कुणा भुकेल्यानं, कधीच कळलं नाही. पण देवधर्म म्हणजे काय, हे मला जे काही कळलं ते त्या दिवशी. पुढं पुष्कळ व्रतं केली, उद्यापनं केली. सगळी त्यानंतर.

आता यंदाच्या धडधडीचं कारण.

तीन वर्षांपूर्वी आण्णा गेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचं, भावाचं आणि माझं नाव लागलं. गेल्या वर्षी भाऊ दौंडला आला. चहा झाला, आणि त्यानं पिशवीतून कागद काढले. हक्कसोडपत्र. "आक्का, सही कर. सगळ्याच बहिणी करतात." त्यात त्याचं काही वाईट नव्हतं, रीतच तशी. माझ्या आत्यांनी केली, माझ्या नणंदांनीही केली. त्या वेळी मीच त्यांना चहा करून दिला होता, आणि माझ्या मनातही काही आलं नव्हतं!

पण त्या दिवशी माझा हात पेनाकडं जाईना. मी म्हटलं, "मला जमीन विकायची नाही, तोडून घ्यायची नाही. तू कसतोस, तूच कस. पण माझं नाव राहू दे." तो काही बोलला नाही. कागद पिशवीत घातले आणि उठला. घरातही दोन्हीकडून ऐकलं. कुणी म्हणालं, "भाऊ तोडलास." कुणी म्हणालं, "मग विकून पैसे तरी घे." मला दोन्ही नको होतं. रात्री गाड्यांचे आवाज ऐकत पडून राहायची. वाटायचं, एका सहीसाठी माहेर घालवलं की काय?

कायदा आपल्या बाजूनं आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ साली केली, देशाच्या कायद्यात ती २००५ साली आली. हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. हक्क सोडायचा की नाही, ते ज्या त्या बाईनं ठरवावं. सोडणारीला मी वेडी म्हणणार नाही. पण कागद वाचून, समजून, घाई न करता ठरवावं. चहाचा कप हातात असताना नव्हे.

तर यंदा पौषात मी वाडीवर उतरले. रान केवढं बदललंय! चासकमानच्या कालव्याचं पाणी तालुक्यात आलं आणि शाळूच्या जागी ऊस उभा राहिला. उसाबरोबर बिबट्याही आला. दिवेलागणीनंतर पोरींना रानात पाठवत नाहीत. खळं नाही, मळणी यंत्र येतं आणि तासाभरात सगळं उरकतं. आमचा दीड एकर शाळू मात्र भावानं राखलाय. आईला शाळूच्याच भाकरीची सवय, म्हणून.

आगटी पेटलेली होती. गोवऱ्यांचा धूर, लसणाची चटणी, गुळाचा खडा. भाऊ कणसं भाजत होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "बस." आई खाटेवर बसली होती. नव्वदी जवळ आलेली, कानानं कमी. भावानं पहिलं कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली आणि हिरव्या मोत्यांची मूठ माझ्यापुढं धरली. "आक्का, म्हसोबाला तू ठेव."

मी उठले. लिंब तसाच आहे. म्हसोबाला आता सिमेंटचा ओटा केलाय. हुरडा ठेवला, हात जोडले. तोंडातून शब्द फुटेना.

परत आले तर आई भावाला सांगत होती. बहिऱ्या माणसाचा आवाज, साऱ्या रानाला ऐकू जाईल असा. "आरं, पाखराला वाटा ठिवत हुतो आपण. ही तर लेक हाय. राहू दे की तिचं नाव, कागद काय फाटतोय व्हय त्यानं?"

भावजय पदर तोंडाला लावून हसली. भाऊही थोडा हसला, थोडा कानकोंडा झाला. कागदाचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. अजून सगळं मिटलं असं म्हणता येणार नाही. पण निघताना तो स्टँडवर सोडायला आला आणि एसटी हलता हलता म्हणाला, "माघात रास हुईल. तुझं पोतं तू यिऊन मोजून घे. मागनं कमी दिलं म्हणशील."

पारगावच्या पुलावर अंधार पडत होता. नाणं टाकायला पिशवीत हात घातला, तर भावजयीनं कागदात बांधून दिलेला हुरडा हाताला लागला, अजून कोमट. मी त्यातली एक चिमूट काढली आणि नाण्याबरोबर भीमेत सोडली.