न लागलेला दिवा

कुंभार्ली घाटात चाचांनी माझा हात झटकला नसता, तर माझा चेहरा आज असा राहिला नसता.

2019चा मे महिना. डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीसाठी अप्पांना चिपळूणहून कराडला न्यायचं होतं. चढावर मीटरमध्ये तापलेल्या पाण्याचा लाल दिवा लागला. एवढं वळण संपू दे, म्हणत मी गाडी रेटली. बॉनेटमधून वाफा यायला लागल्या तेव्हा कुठे थांबले आणि रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला गेले. तेवढ्यात स्कूटर थांबवून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, म्हणजे या चाचांनी, माझा हात झटकून बाजूला केला. "बाई, झाकणाला हात नाही लावायचा. सगळं तोंडावर येईल." आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही; झाकण सुटलं की दाब जातो आणि क्षणात त्याची वाफ होते. हे मला नंतर त्यांनीच समजावलं. त्या वेळी त्यांनी अप्पांना सावलीत बसवलं, कराडच्या एसटीला हात केला, कंडक्टरला सांगून पुढची सीट मिळवून दिली. "तुम्ही जा यांच्याबरोबर. गाडी मी खाली नेतो." मी अनोळखी माणसाच्या हातात चावी दिली.

पोफळीजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज. दुसऱ्या दिवशी गेले, तर गाडीला त्यांनी अजून पाना लावला नव्हता. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, सेल्फ न मारता नुसती चावी फिरवायला सांगितली. "आता दिवे मोजा."

2014 मॉडेलची ती गाडी मी तीनच महिन्यांपूर्वी वापरलेली म्हणून घेतली होती. चालवताना मीटरवर एकही पिवळा दिवा दिसत नाही, याचा मला केवढा आनंद होता! मी मोजले : ऑइलची किटली, बॅटरी, हँडब्रेक. "इंजिनाचं चित्र कुठाय?" चाचांनी विचारलं. ते नव्हतंच. चावी फिरवली की सगळे दिवे एकदा लागायलाच हवेत आणि इंजिन सुरू झालं की विझायला हवेत. "जो लागतच नाही, त्याला कुणीतरी गप्प केलंय." मीटर खोलल्यावर त्या चित्रामागे काळ्या टेपचा तुकडा निघाला.

स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला त्यांनी स्कॅनर लावला. पी 0302 : दुसरा सिलिंडर मिसिंग. मग तिन्ही प्लग काढून गोणपाटावर ओळीने ठेवले. दोन तपकिरी, मधला धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ. "हा स्वच्छ का, सांगा." मला सांगता येईना. हेड गॅसकेट कुठेतरी सुटलं होतं. कुलंट थेंबाथेंबाने दुसऱ्या सिलिंडरमध्ये जात होता, त्याची वाफ प्लग धूत होती आणि इकडे कुलंट संपून इंजिन तापत होतं. पिवळा दिवा ही गोष्ट कदाचित कित्येक महिने सांगू पाहत होता. त्याच्या तोंडावर टेप होती.

ॲल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं. चाचांनी त्यावर सरळ पट्टी धरली आणि फीलर गेजचं पातं माझ्या हाती दिलं. अशा छोट्या इंजिनाला साधारण 0.05 मिलीमीटरचा वाक चालतो. माझ्या हातातलं त्याहून जाड पातं पट्टीखालून सहज सरकलं. त्या एका वळणाची किंमत तिथे माझ्या बोटांना कळली.

हेड गोणपाटात बांधून ते एसटीने चिपळूणला लेथवाल्याकडे घेऊन गेले, दोन दिवसांनी तसंच परत आणलं. बिलात गॅसकेट, फेसिंग, ऑइल, कुलंट आणि मजुरी होती. त्या दोन खेपा नव्हत्या. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "लेथवाल्याकडे मला जायचंच होतं." ते खरं नव्हतं, हे मला त्यांच्या मुलाकडून कळलं.

गाडी देताना त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. लाल म्हणजे उभं राहायचं. ऑइलची किटली लाल झाली, तर प्रश्न ऑइल किती आहे एवढाच नाही, दाब गेलेला असू शकतो. कडेला घेऊन लगेच इंजिन बंद. पिवळा असेल तर दोन दिवसांत दाखवायचं, पण इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी पळवायची नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

आता आमच्या शाळेतलं कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मला बरोबर नेतात. मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं मी विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवते. बॉनेटवर तळवा ठेवून इंजिन थंड आहे ना, ते बघते, मग नुसती चावी फिरवते. मोजून झालं की चाचांना फोन लावते. ते गाडी कुठली, किंमत किती, काही विचारत नाहीत.

"सगळे लागले?" एवढंच विचारतात.