मर्ज करण्याआधी वाच

चि. मनूस,


तुझा डिफ पाहिला. त्याखाली लिहिलेलंही वाचलं: "मावशी, सिग्नल हँडलिंगचा सगळा जुना पसारा आवरला. टेस्ट हिरव्या आहेत. शुक्रवारी मर्ज करतेय." फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता आणि तू नेहमीसारखी गप्प झाली असतीस. म्हणून लिहिते आहे. हे रात्री अडीचला पाठवलंस, त्याबद्दल वेगळं बोलायचं आहे, पण ते नंतर.

जे चांगलं आहे ते आधी सांगते. जुनं 'सिग्नल' फंक्शन काढून सगळीकडे 'सिगॲक्शन' आणलंस, हे फार पूर्वीच व्हायला हवं होतं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये सिग्नल एकदा आला की लावलेला हँडलर निघून जायचा. आत शिरल्याबरोबर तो पुन्हा लावावा लागे आणि तेवढ्या फटीत दुसरा सिग्नल आला की प्रोसेस गेली. पुढे बर्कलीवाल्यांनी आणि मग पॉझिक्सने ते निस्तरलं. तो जुना धोका तू कायमचा घालवलास. शाबास.

पण त्याच झपाट्यात तू आणखी तीन गोष्टी केल्यास. 'वेटपिड'भोवतीचं लूप काढलंस, कारण "एका सिगचाइल्डला एक मूल". असं नसतं गं. तीन चाइल्ड प्रोसेस पाठोपाठ मेल्या तरी सिग्नल एकच येऊ शकतो, कारण एका जातीचा सिग्नल आधीच थांबून असेल तर दुसऱ्याची वेगळी नोंद होत नाही. लूप नसेल तर उरलेल्या दोन झोंबी होऊन पडून राहतात. हँडलरच्या सुरुवातीला 'एरनो' जपून ठेवणारी आणि शेवटी परत करणारी ओळ "निरर्थक" म्हणून काढलीस. मुख्य कोडमधला 'रीड' फसला, आणि का फसला हे तपासण्याआधी सिग्नल आला, तर हँडलरमधलं 'वेटपिड' ते कारणच बदलून टाकतं. मग महिन्यातून एकदा एखादं कनेक्शन विनाकारण तुटेल आणि तुम्ही सगळे नेटवर्कला दोष देत बसाल.

तिसऱ्या बदलाने मात्र माझ्या पोटात गोळा आला. हँडलरच्या आतून लॉग लिहिण्यावर जो इफडेफचा पहारा होता, तो उडवून तू सगळ्या हँडलरांना एकाच सुंदर लॉगिंग फंक्शनवर आणलंस.

मॅलॉक मेमरी कशी वाटून देतो ते तुला मी एका वहीत चित्र काढून दाखवलं होतं. (वही आहे ना? बाबांनी सामान हलवताना रद्दीत दिली नाही ना?) आजी डबे पुसायला काढायची तेव्हा सगळी झाकणं उघडी, अर्धे तांदूळ परातीत, डाळ भलत्याच डब्यात, आणि नेमकं तेव्हाच कोणी येऊन "वाटीभर तांदूळ दे" म्हणालं की ती हात आडवा करायची. मॅलॉक मेमरीच्या याद्या अशाच अर्ध्यावर सोडून थांबलेला असताना सिग्नल येतो. हँडलर सिसलॉगला हाक मारतो, ग्लिबसीचा सिसलॉग पुन्हा मॅलॉकलाच हाक मारतो, आणि इथे हात आडवा करणारं कोणी नसतं. एक तर सर्व्हर लॉकपाशी कायमचा अडकतो, नाहीतर मेमरीची नासाडी होते. आणि नासाडी कशी व्हावी हे बाहेरचा माणूस ठरवू शकला, तर सर्व्हर त्याचा होतो.

मी घाबरवत नाहीये. ओपनएसएसएचचं उदाहरण तुझ्या डोळ्यांसमोर घडलंय, तेव्हा तू नोकरीत होतीस. जोडलेल्या माणसाने १२० सेकंदांत लॉगिन केलं नाही तर सिगअलार्म येतो आणि त्याचा हँडलर कनेक्शन बंद करतो. या हँडलरमध्ये २००६ साली मार्क डाउड यांनी नेमका हाच दोष शोधला होता. तो मिटवताना तिथल्या मंडळींनी एक इफडेफ घातला: ज्या सिस्टिमवर हँडलरमधून लॉग लिहिणं सुरक्षित आहे तिथेच लिहा, नाहीतर मुकाट बाहेर पडा. चौदा वर्षं त्या ओळीने काम केलं. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगिंगचा कोड नीटनेटका करताना ती ओळ गेली. कोणी वाईट हेतूने काढली नाही. मार्च २०२१ च्या ८.५ आवृत्तीतून ते जगभर पोचलं आणि १ जुलै २०२४ ला क्वालिसच्या संशोधकांनी जाहीर करेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. लॉगिन न करता थेट रूट मिळवता येत होता. ३२ बिटच्या लिनक्सवर त्यांनी ते करूनही दाखवलं. सरासरी दहा हजार प्रयत्न लागत, म्हणजे चिकाटीच्या माणसाला काही तासांचं काम. इंटरनेटवर उघडे असलेले आणि धोका असू शकेल असे सर्व्हर होते एक कोटी चाळीस लाखांहून अधिक. ओपनबीएसडी तेवढं वाचलं, कारण त्यांनी २००१ मध्येच हँडलरमधून वापरता येईल असा वेगळा सिसलॉग लिहून ठेवला होता.

आता नीट ऐक. ओपनएसएसएचची माणसं निष्काळजी नाहीत. या धंद्यात त्यांच्याइतकी काटेकोर माणसं मी थोडीच पाहिली. त्यांच्या हातून गेलं ते तुमच्या दोन माणसांच्या रिव्ह्यूमधून जाणार नाही, असं तुला कशावरून वाटलं? टेस्ट हिरव्या असण्याचा इथे काही उपयोग नाही. सिग्नल नेमक्या त्या मायक्रोसेकंदात यावा लागतो, आणि टेस्ट तसा कधी पाठवत नाही. हल्ला करणारा पाठवतो, न कंटाळता.

तुला आठवत असेल, मी नेहमी म्हणते की सिग्नलच्या कोडमधली प्रत्येक चमत्कारिक ओळ कोणाच्या तरी जागलेल्या रात्रीनंतर आलेली असते. ती रात्र कोडमध्ये दिसत नाही. म्हणून कारण ओळीशेजारीच लिहिलं पाहिजे, विकीवर नाही, टिकेटमध्ये नाही, तिथेच. कंपन्या टिकेटची सिस्टिम बदलतात, विकी बंद करतात, माणसं जातात. ओळीला चिकटलेली कॉमेंट तेवढी राहते. आणि यापुढे जाऊन सांगते: जुना कोड सांभाळण्याचं काम नव्या मुलांना "शिकायला" म्हणून देण्याची जी पद्धत पडली आहे ती चूक आहे. नवं फीचर बांधणाऱ्याला शाबासकी, पार्टी, बढती; दहा वर्षं चालणारा सर्व्हर न पाडता बदलणाऱ्याचं नावही कोणी घेत नाही. हे काम टीममधल्या सगळ्यात जाणत्या माणसाचं. तुझ्या लीडने "टेस्ट हिरव्या आहेत ना, मग कर" म्हटलं आणि विषय संपवला, याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग आला.

आवरायचंच असेल तर असं आवर. हँडलरने एक 'सिग-ॲटॉमिक' झेंडा लावावा किंवा पाइपमध्ये एक बाइट टाकावा आणि परतावं. बाकी सगळं, लॉगसुद्धा, मुख्य लूपने करावं. पाइपची ही युक्ती डी. जे. बर्नस्टाइन यांची, पाइप नॉन-ब्लॉकिंग ठेव. फक्त लिनक्सवरच चालायचं असेल तर २००७ पासून, २.६.२२ कर्नलपासून, सिग्नलएफडी आहे. पण त्यासाठी सिग्नल ब्लॉक करावे लागतात आणि तो मास्क एक्झेकनंतरही टिकतो. तुमचा सर्व्हर मदतनीस प्रोग्राम सुरू करतो ना? त्यांना सिगटर्म ऐकूच येणार नाही. फोर्कनंतर मास्क मोकळा करायला विसरू नकोस. ओपनएसएसएचनेही शेवटी हेच केलं: हँडलर ठरावीक कोड देऊन बाहेर पडतो, लॉग पालक प्रोसेस लिहिते.

आणि तू सिगटर्म व सिगक्विट "एकसारखे" करायचं म्हणतेस, ते अजिबात नको. एनजिनएक्समध्ये क्विट म्हणजे हातातली कामं संपवून थांबणं, टर्म म्हणजे लगेच. पोस्टग्रेसमध्ये बरोबर उलटं: टर्मवर तो लोक जाईपर्यंत वाट बघतो, क्विटवर तडकाफडकी बंद होतो. अपाची तर सावकाश थांबण्यासाठी सिगविंच वापरतो, जो खरं तर खिडकीचा आकार बदलल्याचा सिग्नल. विचित्र आहे, मान्य. पण तुमच्या ग्राहकांच्या स्क्रिप्ट त्या विचित्रपणावर उभ्या आहेत. कुबरनेटीज टर्म पाठवून ३० सेकंदांनी मारतो. तेवढ्यात तुमचे व्यवहार संपतात का, हे कोणी मोजलंय? मला काळजी वाटते ती याची. पगाराच्या दिवशी अर्ध्यावर तुटलेले व्यवहार, आणि ऑन-कॉलवर तू एकटी. गेल्या वेळचा ताप अजून अंगातून गेला नाहीये तुझ्या, ताई सांगत होती. अडीच वाजेपर्यंत जागून कोणी सिग्नलच्या कोडला हात लावतं का?

लूप, एरनोच्या ओळी आणि इफडेफ परत घाल. प्रत्येकावर कारण लिही, मराठी वळणाचं इंग्रजी असलं तरी चालेल. पण इफडेफचं कारण तुझ्या अंदाजाने लिहू नकोस. तो इफडेफ घालणाऱ्या कमिटवर ज्या बाईंचं नाव आहे, त्या कंपनी सोडून गेल्या असं तू म्हणालीस. तुमच्या मॅनेजरकडे त्यांचा नंबर नक्की असेल. त्यांना आजच फोन कर, तेव्हा नेमकं काय झालं होतं ते विचार, आणि त्या सांगतील ते मलाही कळव.

तुझी,
मावशी