तिसरा महिना

नव्याने धावायला लागलेलं माणूस सोडून देतं ते बहुतेक तिसऱ्या महिन्यात. पहिल्या पंधरवड्यात अंग इतकं धरतं की खरं तर तेव्हाच सोडायचं, पण तेव्हा हुरूप असतो, बूट नवे असतात, चार लोकांना सांगून झालेलं असतं. दुसऱ्या महिन्यात तर मजाच असते. धाप कमी लागते. परवापर्यंत जिथे थांबावं लागायचं, तिथून पुढे पाय आपसूक जातात. मग तिसरा महिना लागतो आणि गाडं अडतं. वेळ सुधारत नाही, नडगी ठणकायला लागते, पहाटेचा गजर नकोसा होतो. साताऱ्यात मी कित्येक वर्षं धावते आहे, पुष्कळांना धावायला लावलं आहे, आणि या तिसऱ्या महिन्याचं काय करायचं ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही.

सध्या ते जास्त छळतं, कारण साठी उलटल्यावर माझा वेग उतरला आणि ग्रुपच्या पुढच्या टोकावरून मी मागच्या टोकाला आले. पुढे असताना नवी माणसं मला फक्त निघताना आणि पोचल्यावर दिसायची. आता सगळी वाट मी त्यांच्या शेजारी असते. त्यांचा श्वास ऐकू येतो, पाऊल कुठे जड पडतं ते कळतं, आणि मुख्य म्हणजे ती कुठे वेग वाढवतात ते दिसतं.

आमच्या शेजारच्या घरातली सून माझ्याबरोबर येते. दोन लहान मुलं, घरातलं सगळं, शिवाय नोकरी. तिने परवा विचारलं, “काकू, दोन महिन्यांत एवढं आलं, मग आताच का अडलं?”

“अगं, अडलेलं नाही. आत काम चाललंय.”

हे मी तिची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. धावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, आणि धाप कमी होते ती त्यामुळे. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो. टाचेमागच्या जाड शिरेला तर रक्तपुरवठाच कमी, त्यामुळे तिचं सगळं सावकाश. आणि हाड सर्वांत मागे. त्यातही हाडाची रीत अशी, की भार वाढला की आधी जुना भाग काढून टाकला जातो आणि मग नवा भरला जातो. पाइपलाइन टाकायला रस्ता खणावा तसं. खणणं लवकर होतं, भरून पक्कं व्हायला महिने जातात, आणि मधल्या काळात तोच रस्ता पूर्वीपेक्षा कच्चा असतो. नेमक्या त्याच दिवसांत दम वाढलेला असतो. छाती म्हणते पळ, आणि नडगीचं हाड अर्धवट खणलेलं. नव्या माणसाची सगळी दुखणी या तफावतीतून येतात असं माझं ठाम मत आहे.

यावर उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: हळू धावा, बोलता येईल इतकं हळू. सांगायला सोपं आहे, पण मला विचाराल तर धावण्यात याहून अवघड काही नाही. तीन महिने झाले की माणसाला हळू धावायची लाज वाटायला लागते. ही सून निर्जन रस्त्यावर छान रमतगमत धावते, गप्पा मारते. समर्थ मंदिराकडची चहाची टपरी दिसली की तिचं बोलणं बंद होतं आणि पाऊल लांब पडतं. टपरी मागे गेली की ती धापा टाकत थांबते. रोज. मी सांगून पाहिलं, घड्याळ घरी ठेवायला लावलं, तिच्या पुढे राहून वेग धरून पाहिला. टपरी आली की सगळं वाया. मग म्हटलं, वाट बदलू, जिथे कुणी बघणारं नाही तिथे जाऊ. पण तिच्यासारख्या तरुण बाईने पहाटे साडेपाचला एकटीने अशा वाटेवर जावं, असं मी म्हणू शकत नाही. पुरुषांना हा उपाय खुला आहे, बायकांना नाही. बघणारे असले तर वेग बिघडतो, नसले तर जिवाला घोर. ही गाठ मला सुटत नाही, आणि धावण्यावरच्या कुठल्याही पुस्तकात मला ती कुणी सोडवलेली दिसली नाही.

माझा स्वतःचा गर्वही यात आहे आणि तो अजून गेलेला नाही. यवतेश्वरच्या चढावर पुरुषांना मागे टाकणं हे माझं वर्षानुवर्षांचं सुख होतं. नुसतं पुढे जाणं नव्हे, जाताना श्वास शांत ठेवणं, म्हणजे तो किती शांत आहे ते त्यांना कळावं. आता सुनेबरोबर धावताना जुने ओळखीचे लोक शेजारून पुढे जातात आणि माझ्या तोंडून कुणी न विचारता निघतं, “आज हिच्यासोबत आलेय.” ते खरंच असतं. पण ती टपरीपाशी पाऊल लांब टाकते आणि मी हे वाक्य टाकते, यात मला काही फरक दिसत नाही.

साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली आणि गावाला धावायचं वेड लागलं. ते मला फार प्रिय आहे. पण आता प्रत्येक गावात दर रविवारी शर्यत आहे, प्रत्येक शर्यतीला सगळ्यांना मेडल आहे, आणि बारा आठवड्यांत २१ किलोमीटर करून देतो म्हणणारे आहेत. बारा आठवडे म्हणजे नेमका तिसरा महिना. हाड खणून ठेवलेलं असताना नव्या माणसाला घाट चढवायचा आणि पुन्हा उतारावरून पळवत खाली आणायचं. भरतीच्या काही अकॅडम्यांमध्ये तर पोरांना रोज सकाळी १६०० मीटर जीव तोडून पळवतात. याउलट न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही रविवारी ऑकलंडजवळच्या डोंगरांत ३५ किलोमीटर धावायला नेत. आधी कित्येक महिने लांब अंतर, वेगाचा नंबर शेवटी. स्नेलने १९६० मध्ये रोम ऑलिंपिकला ८०० मीटर जिंकली आणि १९६४ मध्ये टोकियोला ८०० आणि १५०० दोन्ही. आमच्या पोरांना कुणीतरी हे सांगायला हवं.

आणि बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर आपलाच. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं २९.८० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा विक्रम मोडून. २०२४ मध्ये पॅरिसला तो ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर आला. वीस सेकंदांना थोडे कमी, आणि त्याला सहा वर्षं. मधे तो विक्रम त्याने स्वतःच पुन्हा पुन्हा मोडला, कधी सेकंदा-दोन सेकंदांनी. धावणं हेच ज्याचं काम, त्याची ही गती. सुनेला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काकू, मग मला एका वर्षात काय मिळणार?”

मी म्हटलं, एक वर्ष धावलेली तू मिळशील. उत्तर तिला पटलं की नाही, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आली. टपरीपाशी पाऊल लांब पडलंच, पण मी शेजारून तिच्या धाकट्याच्या शाळेचं काहीतरी विचारलं आणि उत्तर द्यायला तिला वेग कमी करावा लागला. सध्या हाच एक उपाय थोडाफार लागू पडतो: शेजारी कुणीतरी हवं, ज्याला घाई नाही आणि ज्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागेल.

म्हणून ज्यांचे पाय अजून जोरात आहेत, त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. आठवड्यातला एक दिवस मागच्या टोकाला या. नव्या माणसाच्या, विशेषतः पहाटे एकट्या निघणाऱ्या बाईच्या शेजारी, तिच्या वेगाने धावा आणि तिच्याशी बोलत राहा. आणि आपल्या ग्रुपमधल्या नव्या माणसाचं नाव पहिल्या वर्षी कुठल्याही घाटातल्या शर्यतीत घालू नका.