'मे', 'माइट' आणि आपलं 'स्यात्'



मागचा लेख मुगाच्या सांडग्यांवर होता. आजचा विषय तुम्हाला जरा शाळेतला वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. इंग्रज माणूस 'असेल', 'असू शकेल', 'असणारच' हे कसं बोलतो, त्याबद्दल लिहिते आहे. आपल्या घरात आता डॉक्टरांचे रिपोर्ट, विम्याचे कागद, बँकेची पत्रं सगळी इंग्रजीत येतात. त्यातल्या एका छोट्या शब्दावर घराची झोप अवलंबून असते.

मुलीकडे लेस्टरला मी चार महिने राहिले होते. तिथलं जैन मंदिर जुन्या चर्चच्या इमारतीत आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत असेल. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सकाळी कुंपणापलीकडून आमचं बोलणं व्हायचं. आकाशात ढग दिसले की त्या म्हणायच्या, 'इट माइट रेन.' ढग जास्त काळे असले तरी 'इट मे रेन'च. पाऊस येणार असं त्या ठामपणे सहसा म्हणत नसत. मला छत्री घ्या असं सांगायचं असेल तर म्हणायच्या, 'यू माइट वाँट ॲन अंब्रेला.' शब्दशः बघितलं तर 'तुम्हाला छत्री हवीशी वाटू शकेल'. सल्ला द्यायचा, पण समोरच्यावर लादायचा नाही, अशी ती रीत. आणि आपलं मत वेगळं असेल तर आधी 'आय मे बी राँग, बट' म्हणून सुरुवात.

तिथे ऐकून ऐकून माझ्या डोक्यात या शब्दांची एक शिडीच तयार झाली. आपल्या मराठीशी जोडून सांगते, म्हणजे लक्षात राहील.

सगळ्यात वरची पायरी 'मस्ट'. शाळेत आपण 'मस्ट' म्हणजे 'केलंच पाहिजे' एवढंच शिकलो. पण 'शी मस्ट बी टायर्ड' म्हणजे 'ती दमलेली असणार'. समोर खूण दिसते, तिच्यावरून काढलेला तो अंदाज असतो. दाराची बेल वाजली की शेजारीणबाई म्हणायच्या, 'दॅट विल बी द पोस्टमन.' हा 'विल' उद्याचा नव्हे, आत्ताचाच. 'तो पोस्टमनच असणार'. त्याखाली 'शुड', आपलं 'असायला हवा'. 'ट्रेन शुड बी हिअर बाय टेन', म्हणजे नेहमीच्या हिशेबाने दहापर्यंत यायला हवी. त्याखाली 'मे', 'माइट' आणि 'कुड'. व्याकरणाची पुस्तकं 'माइट'ला 'मे'पेक्षा थोडा कच्चा धरतात. 'मे' म्हणजे 'असेल' आणि 'माइट' म्हणजे 'असेलही एखादवेळेस' म्हणा. पण रोजच्या बोलण्यात आता तिथली माणसं दोन्हींत फारसा फरक करत नाहीत.

गंमत नकारात आहे. 'असणार' याचा 'मस्ट', मग 'नसणार' याचा 'मस्ट नॉट' होईल असं आपल्याला वाटतं. पण 'मस्ट नॉट' म्हणजे मनाई. 'असणं शक्यच नाही' याला ते 'कान्ट' म्हणतात. 'ही कान्ट बी ॲट होम', घरातले सगळे दिवे बंद आहेत, म्हणजे तो घरी असणं शक्य नाही. आणि 'मे नॉट बी' म्हणजे फक्त 'नसेलही'. 'मे नॉट' दार उघडं ठेवतं, 'कान्ट' दार लावून घेतं. मराठीत 'नसेल' आणि 'असूच शकत नाही' यांत जेवढं अंतर, तेवढंच.

'कॅन'चंही असंच आहे. 'लेस्टरला मे महिन्यातही गारठा असू शकतो' हे सर्वसाधारण सांगायचं तर 'कॅन'. 'उद्या गारठा असेल कदाचित' असं एका विशिष्ट दिवसाबद्दल म्हणायचं तर 'मे' किंवा 'माइट', तिथे 'कॅन' चालत नाही. आपल्याकडे मुलं सर्रास 'इट कॅन रेन टुमारो' म्हणतात, ते तिथल्या कानाला खटकतं. आणि 'मेबी' जोडून लिहिलं तर 'कदाचित', 'मे बी' तोडून लिहिलं तर 'असेल'. नातवंडांना एवढं सांगून ठेवा.

मी १९८१ साली बी.कॉम. झाले. हिशेबाच्या पुस्तकातसुद्धा ही शिडी होतीच. जे देणं द्यावं लागणार, त्याची तरतूद ताळेबंदात करायची. जे द्यावं लागू शकेल, म्हणजे कुणाला जामीन राहिलो असू किंवा कोर्टात दावा चालू असेल, ते ताळेबंदाच्या खाली टीप म्हणून दाखवायचं. ते आकड्यांत मिळवायचं नाही, आणि लपवायचंही नाही. त्या वेळी हा नियम परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा खरा उपयोग दोन वर्षांपूर्वी झाला.

यांना खोकला होता म्हणून छातीचा सी.टी. स्कॅन काढला. उजव्या फुफ्फुसात ९ मिलिमीटरची गाठ निघाली. रिपोर्टच्या शेवटी दोन वाक्यं होती. पहिलं, 'मे रिप्रेझेंट ग्रॅन्युलोमा', म्हणजे जुन्या जंतुसंसर्गाची बरी झालेली खूण असेल. आपल्या देशात क्षयामुळे अशा खुणा बऱ्याच जणांच्या छातीत सापडतात. दुसरं, 'मॅलिग्नन्सी कॅनॉट बी रूल्ड आउट', म्हणजे कॅन्सर नाहीच असं म्हणता येत नाही.

धाकट्या दिरांनी दुसरं वाक्य वाचलं आणि म्हणाले, "वहिनी, सरळ कॅन्सर लिहिलाय. उद्याच्या उद्या मुंबईला न्यायचं." नणंदबाईंनी पहिलं वाक्य धरलं. "अगं, जुना डाग आहे तो. आपल्या अण्णांनासुद्धा होता. कशाला पुन्हा पुन्हा तपासण्या?" दोघांची माया खरी, आणि भांडणही खरं. हे मात्र गप्प बसून होते. त्यांचं गप्प बसणं मला जास्त लागत होतं.

मी रिपोर्ट समोर घेऊन दोघांना बसवलं. म्हटलं, "भाऊजी, इथे 'मस्ट बी' लिहिलेलं नाही. कॅन्सर आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. आणि वन्सं, 'कान्ट बी' असंही लिहिलेलं नाही. दार उघडं आहे, एवढंच लिहिलंय. ही ताळेबंदाखालची टीप आहे. तरतूद करायची वेळ आलेली नाही, पण टीप खोडायचीही नाही." डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायला सांगितलं होतं. आम्ही तेच केलं, एक दिवस आधी नाही की नंतर नाही. त्या तीन महिन्यांत यांना रोज रात्री मी एवढंच म्हणायची, "असेल, नसेल. अजून कळलेलं नाही." खोटा धीर दिला नाही म्हणून त्यांना खरा धीर आला, असं ते नंतर म्हणाले. दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच होती. डॉक्टर म्हणाले, 'शुड बी बिनाइन.' शिडीची एक पायरी वर चढलो. वर्षभराने परत बघितलं, अजून तेवढीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या पाठशाळेतलंच झालं; स्यात् अस्ति, स्यात् नास्ति. मलाही आधी तोच धागा दिसला. पण इथे सावध राहायला हवं. इंग्रजी पुस्तकांत 'स्यात्'चं भाषांतर अनेकदा 'मे बी' किंवा 'परहॅप्स' असं केलेलं असतं, आणि मग स्याद्वाद म्हणजे संशयवाद, जैनांना काही ठाम म्हणताच येत नाही, असा समज होतो. संस्कृतात 'स्यात्' हे 'असेल' अशा अर्थाचं क्रियापद आहे, हे खरं. पण आपल्या शास्त्रात तो निपात आहे, त्याचा अर्थ 'कथंचित्', म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने. समंतभद्राचार्यांनी आप्तमीमांसेत हे सांगितलंय. घडा मातीच्या अपेक्षेने आहेच, सोन्याच्या अपेक्षेने नाहीच. यात संशय कुठे आहे?

म्हणजे 'मे' सांगतो की बोलणाऱ्याला अजून पुरतं कळलेलं नाही. 'स्यात्' सांगतो की कोणत्या बाजूने बघून हे बोललं जातंय. एकात आपल्या ज्ञानाची मर्यादा आहे, दुसऱ्यात वस्तूच्या अनेक बाजू. दोन्ही एक नव्हेत. तरी नातं आहे, असं मोठ्या माणसांनाही वाटलं. भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणाऱ्या महालनोबिसांनी १९५४ साली सांख्यिकीच्या पायाबद्दल लिहिताना स्याद्वादाचा आधार घेतला. शक्यतेचं गणित मांडणाऱ्या माणसाला सप्तभंगी जवळची वाटली, याचा मला अभिमान वाटतो.

आमच्या घरात दोन्ही गोष्टी लागल्या. दिरांचं बोलणं एका अपेक्षेने बरोबर होतं, नणंदबाईंचं दुसऱ्या. ते झालं 'स्यात्'. आणि गाठ नक्की काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. ते झालं 'मे'. भांडण लागलं ते दोघांनी वाक्याच्या शेवटी लावलेल्या 'च'मुळे. 'च' काढून 'ही' लावला की त्याच खोलीत सगळ्यांना बसता येतं.

भाषा समिती म्हणजे फक्त गोड बोलणं नव्हे, जेवढं माहीत आहे तेवढंच बोलणं हेही त्यात येतं. सून उशिरा आली तर 'ती मुद्दामच करते' हा 'मस्ट' झाला. 'काही अडचण असेल' हा 'मे' झाला. दुसऱ्यात सत्याणुव्रतही सांभाळलं जातं आणि घरही.

आमच्या सांगलीकडे 'असेल', 'असावा', 'असणार' यांच्या जोडीला 'असंल की' फार चालतं, त्यात होकारही असतो आणि जबाबदारी झटकणंही! बेळगाव-निपाणीकडच्या आणि विदर्भातल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे काय म्हणतात ते जरूर कळवा.