शेवटची भाकर मोत्याची

आमच्या घरी पहिली भाकर गाईची, शेवटची कुत्र्याची. मधल्या सगळ्या माणसांच्या. वर्ध्याकडच्या सेलू तालुक्यातल्या आमच्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा, क्रम हाच सांगेल, फक्त कुत्र्याचं नाव बदलेल. आमच्याकडे मोती, शेजारी लाल्या, आणि पाटलांकडे टायगर, कारण पाटील नागपूरला जाऊन-येऊन असत.

शेवटची असली तरी ती भाकर मुद्दाम करावी लागे. जवारीचं पीठ चाळलं की चाळणीत राहिलेला कोंडा एका डब्यात जमायचा. त्यात मूठभर तुरीची चुनी. वरण फोडणीला टाकण्याआधी आजी वरचं पाणी एका गंजात काढून ठेवी, त्यानं हे पीठ भिजे. कोपराच्या, म्हणजे परातीच्या, कडेला चिकटलेलं खरवडून त्यातच. बोटभर जाड भाकर थापायची, तव्यावर दोन्ही अंगांनी शेकायची आणि मग चुलीतला आर पुढे ओढून त्याच्याशी टेकून उभी ठेवायची. सकाळपर्यंत ती अशी कडक होई की आमच्या दातांनी तुटत नसे. (तोडून पाहिलेली आहे. आम्हा सगळ्या बहिणींनी.) तिचे कुटके टोपल्यात पडत आणि दोन-तीन दिवस चालत. पावसाळ्यात मात्र बुरशी धरे, मग रोजची रोज.

कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, असं आता पशुवैद्य सांगतात. आजीला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. फोडणीचं तेल कुत्र्याच्या पोटात जाऊ नये, एवढाच तिचा हिशेब होता, आणि त्या हिशेबानं मोतीची तब्येत राखली. नामदेवांच्या कीर्तनात कुत्रं कोरडी भाकर पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, ती गोष्ट ऐकून घरी आलो की आम्ही मोतीसाठी तूप मागायचो. आजी म्हणे, “आपल्या घरी नामदेव जन्मले नाई बाप्पा, पोट्टेच जन्मले.”

घरचा कोंडा संपला की चक्की. चक्कीवाला संध्याकाळी खाली सांडलेलं पीठ झाडून एका पिंपात भरे: जवारी, गहू, हरभरा सगळं एकत्र. ओळखीच्या घरांना ते फुकट मिळे. खडे पाहून घ्यावे लागत. गावातलं सगळ्यात गुबगुबीत कुत्रं चक्कीवाल्याचं होतं, हे सांगायला नकोच. बाजाराच्या दिवशी सुकटीची डोकी आणि तळाचा चुरा मिळाला तर तोही भिजवलेल्या पिठात जाई, आणि त्या रात्री मोती चुलीपासून हलत नसे.

याला आजकाल खाऊ म्हणतात. तेव्हा ती मजुरी होती. बोरचं जंगल जवळ. त्याला 1970 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण रोही आणि रानडुकरं त्याच्या कितीतरी आधीपासून तुरीत शिरत होती. बाबा जागलीला निघाले की धोपटीत चार कुटके मोतीचे असत. तो मचाणाखाली बसे. पहाटे परत आल्यावर आई आधी त्याच्याकडे पाही, कारण बिबट्या माणसाला सोडून कुत्र्याला उचलतो. शेजारचा लाल्या तसाच गेला. त्याच्या वाट्याची भाकर काकू त्या संध्याकाळीही थापून बसल्या होत्या आणि मग ती आमच्याकडे आली.

त्या भाकरीचा उदोउदो मात्र मी करणार नाही. कोंड्यानं पोट भरतं, अंगावर मांस चढत नाही. बाकीचं मोती स्वतः मिळवी: उंदीर, घुशी आणि पोळ्याच्या करीला गावभर पडलेली हाडं. 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आली, तेव्हा माणसं तिला नावं ठेवत खात होती. मोतीनं पहिल्या दिवशी ती हुंगली, अंगणात ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं खाल्ली. आम्हीही तेच केलं होतं.

गोड द्यायला बंदी. गोडानं कुत्र्याला खरूज होते, अशी सगळ्या आयांची खात्री. पण कोणी वर्ध्याला गेलं की गोरस भांडारातला गोरसपाक येई, गाईच्या तुपातला, खुसखुशीत, आणि त्याचा एक कोपरा फ्रॉकच्या खिशातून गोठ्यामागे पोचेच. मोतीला खरूज झाली तेव्हा कोणीच कबूल झालं नाही. पन्नास वर्षं झाली, अजूनही झालेलं नाही.

पुढे सोयाबीन आलं. नव्वदच्या दशकात बघता बघता जवारीची शेतं पिवळ्या दाण्याखाली गेली, कडबा गेला, चाळणीतला कोंडा गेला. चुलीजागी गॅस आला, त्याच्या आचेला भाकर टेकवून ठेवता येत नाही. घरात पोळ्या व्हायला लागल्या आणि मोतीच्या नंतरच्या नंतरच्या मोतीला शिळी पोळी आणि चहाबरोबरची बिस्किटं मिळायला लागली. तो जागलीला जात नाही. शेताला झटक्याचं कुंपण आहे.

पुण्याच्या भाचीनं परवा फोन करून विचारलं, “मावशी, तुम्ही कुत्र्यासाठी काय करायचा?” दुकानातली पाकिटं परवडत नाहीत म्हणाली. मी सांगितलं: जवारीचं पीठ, उकडलेलं कोहळं, एक अंडं, मीठ-साखर काही नको, पातळ थापून ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळेपर्यंत ठेव. शेंगदाण्याचं लोणी घालायचं असेल तर साधं घे. झायलिटॉल नावाचं गोडवण असलेलं कुत्र्याला विष. तिनं केली, फोटो पाठवला, हाडाच्या आकाराची. मग पिठाचा भाव कळवला. जवारी तिला गव्हापेक्षा महाग पडली होती.

दिवाळीत ती डबा घेऊन गावी आली. आमच्या आत्ताच्या मोतीनं एक तुकडा तोंडात धरला, कुटाराच्या ढिगाकडे नेला आणि पुरून परत आला, बिस्किटाच्या पुड्याशेजारी बसायला. भाची रुसली. माझी थोरली बहीण तिला म्हणाली, “राहू दे वं, त्याला सवय नाई. आण इकडं.” आणि चहाबरोबर आम्ही दोघींनी उरलेला डबा संपवला.