कार्ल्याच्या अंधारातील अक्षरे

विद्यार्थ्यांना कार्ल्याच्या लेण्यांना नेताना आम्ही मोबाईल आणि जुना डीएसएलआर कॅमेरा, दोन्ही जवळ बाळगतो. सिंहस्तंभासमोर मुलांचे छायाचित्र घ्यावे ते मोबाईलनेच. आकाश व चेहरे दोन्ही उजळतात आणि संध्याकाळपर्यंत ते पालकांच्या हाती पोहोचते. चैत्यगृहाच्या अंधारात मात्र गोष्ट निराळी. तेथे मोबाईल एकामागून एक अनेक चित्रे टिपून त्यांची एकच प्रतिमा जुळवतो, दाणेदारपणा पुसतो, काळोख उजळतो. लहान पडद्यावर ती मोहक दिसते. पण खांबावरील ब्राह्मी अक्षर मोठे करून पाहावे, तर कडा मेणासारख्या गुळगुळीत! कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा. त्याच्या रॉ फाइलमध्ये दाणे राहतात, पण छिन्नीचा घावही राहतो. (तिपाईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, एरवी कोपरे अंगाशी दाबून श्वास रोखायचा.) खांबांवरचे हे लेख राजस्तुतीचे नव्हेत. धेनुकाकटच्या यवनांसारख्या दात्यांची नावे त्यांत कोरलेली आहेत, आणि धम्माच्या इतिहासाचा पुरावा म्हणूनच आम्ही ती वर्गात वाचून घेतो. पुराव्यातील अक्षर यंत्राने अंदाजाने सावरलेले आम्हांस चालत नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या कपाटात असा कॅमेरा पडून असेल, त्यांनी येत्या सहलीला तो घेऊन यावे.