नाव कुठे लावायची

आमचा तलाव सिंदेवाहीपासून सायकलने तासाभराच्या वाटेवर. माजी मालगुजारी (जमीनदारी) तलाव, म्हणून सरकारी कागदात त्याला ‘मामा तलाव’ म्हणतात. आमची मच्छीमार सहकारी संस्था त्यात बीज सोडते, मासे धरते. मी नऊ वर्षांपासून संस्थेचा सचिव. वडील डोंगा वल्हवत. मी अर्ज-ठराव लिहितो, पण पहाटे जाळं टाकायलाही जातो.

२०२४ च्या दिवाळीआधी गावातल्या दहा पोरांनी वर्गणी काढून दोन जुन्या पेडल-बोटी आणल्या. घोडाझरी तलावावर लोक फिरायला जातात, शिवणीकडून ताडोब्याच्या गाड्या येतात, मग आपल्या तलावावर का नको? बोटी सगळ्यांच्या, पाळीपाळीने चालवायच्या, मिळकत वाटून घ्यायची. मला ही कल्पना मनापासून आवडली. पोरं गाव सोडून पुण्याला जाण्यापेक्षा इथे काही उभं करत होती.

पहिल्याच रविवारी एक बोट थेट जाळ्यात घुसली. चाकाभोवती जाळं असं आवळलं गेलं की शेवटी विळ्याने कापावं लागलं. त्यातच एक कटला अडकलेला, कल्ले अजून हलत होते. जाळ्याचे मालक काका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून फाटलेला भाग हाताने मोजत होते. पोरांवर ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “पानी सरकारचा हाये बाबू, पन जाळा माझा हाये.” त्याच संध्याकाळी घाटावरच्या एका काकूंनी मला थांबवलं. पायऱ्या तेवढ्याच ठिकाणी, म्हणून बोटी तिथेच लागत होत्या. “आमी आंघोळीले कोटी जाऊ जी, सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग नियम शोधायला निघालो. एका कचेरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. प्रत्येक ठिकाणी तलाव दुसऱ्याच खात्याचा निघायचा. हाती आलं ते असं. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारजमा झाले. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम सिंचनासाठी बांधलेल्या तलावाला लागत नाहीत. १९१७ चा जुना नौकांचा कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात यंत्राशिवायच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे सोपवता येते. हे सगळं उपयोगाचं, पण आमच्या तलावाच्या कोणत्या कोपऱ्यात नाव चालवावी हे यातला एकही कागद सांगत नव्हता.

ते सांगणारा कागद जुना निघाला. या भागात जमीन-महसुलाच्या बंदोबस्ताच्या वेळी गावोगावचे रिवाज वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवले जात. पाणी कुणी कसं घ्यायचं, गुरं कुठे पाजायची, मासे कुणी धरायचे, असं त्यात असे. आमच्या गावची फिकट नक्कल वाचली तेव्हा लक्षात आलं की हा तलाव आधीच वाटलेला आहे. नाव सगळ्यांत शेवटी आली, तेव्हा उरलेली जागा तिची. माझं मत तेव्हा पक्कं झालं आणि मी ते ग्रामसभेत मांडलं. पोरांना राग आला. माझा पुतण्या त्यांच्यातच होता. दोन दिवस तो घरी बोलला नाही.

कार्तिकात धान कापणी आटोपत आली तेव्हा आम्ही सगळे पाळीवरून चाललो. पोरं, काका, घाटावरच्या बाया. बांबूला लाल चिंध्या बांधून रोवत गेलो. तुडुमापासून, म्हणजे पाणी सोडायच्या दारापासून, पन्नास पावलं बंदी, कारण ते उघडलं की पाणी आत ओढतं. शिंगाड्याचा पट्टा वगळला. देवधान उगवतं तो उथळ भाग वगळला, पावसात अडई बदकं तिथे घरटी करतात. घाट बायांचा राहिला. पलीकडे मोहाच्या झाडाखाली पोरांनी बांबूचा धक्का बांधायचं कबूल केलं. उरलं ते मधलं खोल पाणी, आणि ते बोटींना पुरेसं होतं.

सगळं ठरलं असं वाटलं. फाल्गुनात पाहतो तर आमचे अर्धे बांबू भेगाळलेल्या चिखलात उभे! पाणी चाळीस पावलं आत सरकलेलं, बोटी जाळ्यांच्या अगदी जवळ. तलावाचा काठ म्हणजे काही रस्त्याची कड नव्हे, तो महिन्यागणिक हलतो. हे मला, ढिवराच्या पोराला, आधी सुचायला हवं होतं. त्याच महिन्यात, मार्च २०२५ मध्ये, घोडाझरीच्या पाण्यात पाच तरुण बुडाले. ते आंघोळीला उतरले होते, नावेत नव्हते. तरी आमच्या पोरांनी आपणहून सांगितलं, जॅकेटशिवाय कुणालाही बसवणार नाही.

ठराव पुन्हा लिहिला. अंतर पाळीपासून नाही, त्या दिवशीच्या पाण्याच्या कडेपासून मोजायचं. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी बांबू नव्याने रोवायचे. आणि घाटाची तिसरी पायरी उघडी पडली की बोटी बाहेर. त्या दिवसांत मासे उरलेल्या पाण्यात गोळा होतात, गुरांनाही तेवढंच पाणी असतं. या शेवटच्या कलमावर दोन तास वाद झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीतच पाहुणे येतात, असं पोरांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मी माघार घेतली नाही.

यंदा तिसरी पायरी उघडी पडली, त्या सकाळी मी घाटावर होतो. पुतण्या आणि त्याचे दोन सोबती बोटी ओढत मोहाखाली नेत होते. बोट जड, चिखल घोट्यापर्यंत. काका जाळं झटकत होते. त्यांनी ते खाली ठेवलं, धोतर खोचलं आणि मागून खांदा लावला.